कितेप-बेरची सेवानिवृत्ती

बुरुलचाएजे, म्हणजे बुरुलचाताई, डोंगरातल्या आत-बाशी गावच्या ग्रंथालयात एकोणतीस वर्षं आहेत. प्रोग्रामिंग त्या माझ्याच मार्गदर्शिकेवरून शिकल्या, हे त्यांचं दुर्दैव.

ग्रंथालयांसाठीचा तो फुकट, सगळ्यांना खुला प्रोग्राम मी बिश्केकमध्ये, मुलगी पोटात असताना लिहिला. त्यातल्या एकेक काम करणाऱ्या फंक्शनांना नावं सुचतील ती दिली. पुस्तक देणारं फंक्शन 'कितेप-बेर', म्हणजे आमच्या भाषेत 'पुस्तक दे'. एजेंनी त्यावर स्वतःचं एक्स्टेन्शन, म्हणजे जोड-प्रोग्राम, रचलं. मेंढपाळ उन्हाळ्यात वरच्या कुरणांवर जातात, तेव्हा त्यांच्यामागून पुस्तकांची गाडी जाते; कोणत्या तंबूत कोणतं पुस्तक, ती यादी त्यातून निघते.

यंदा परदेशातली दोन ग्रंथालयंही हा प्रोग्राम वापरायला लागली आणि मला एकदम कितेप-बेरची लाज वाटायला लागली. पाहुणे येणार म्हणून विटके पडदे काढावेत तशी मी सगळी नावं इंग्रजी केली. खरी रीत अशी, की जुनं नाव आणखी दोन व्हर्जन ठेवायचं. त्याने काम गुपचूप नव्या नावाकडे सोपवायचं आणि आपण जाणार असल्याची सूचना देत राहायचं. मार्गदर्शिकेत हे मीच लिहिलंय, ठळक अक्षरांत. पण नेटवरच्या एकाही एक्स्टेन्शनमध्ये जुनं नाव सापडलं नाही, म्हणून दिलं काढून. एजेंचं एक्स्टेन्शन नेटवर नव्हतंच. ते त्यांच्या टेबलावर होतं.

मंगळवारी फोन आला.

"उमसुनाय, कितेप-बेर कुठं गेलं गं?"

"काढलं, एजे. कुणी वापरत नव्हतं."

"मग मी कोण?"

"पण तुम्ही नवं व्हर्जन लगेच कशाला घेतलंत?"

"तूच लिहितेस ना, लगेच घ्या म्हणून! परवा गाडी निघतेय आणि यादी कोरी येतेय. वर ना नेट, ना फोन. चार महिने ती माणसं काय वाचणार, तुझा माफीनामा?"

मी घाईघाईने जुनं नाव परत बसवलं. तासाभराने पुन्हा फोन.

"'हे फंक्शन लवकरच बंद होईल', असं प्रत्येक पुस्तकाखाली छापून आलंय. एकशे ऐंशी वेळा. तुला एवढं मन मोकळं करायचं होतं, तर यायचंस इकडे."

सूचना मी छापायच्या कागदावरच पाठवली होती. ती नोंदींच्या फाइलमध्ये, तीही एकदाच, जाईल असं केलं. बुधवारी यादी स्वच्छ निघाली.

"एजे, एक्स्टेन्शन पाठवा, मी नवं नाव घालून देते."

"घालून नको देऊस. शिकव. तुझा काय भरवसा?"

आता कोडमध्ये कितेप-बेरच्या वरच्या ओळीत ते काढायची तारीख आहे आणि खाली एक ओळ: 'काढण्याआधी आत-बाशीला विचारणे', पुढे ग्रंथालयाचा नंबर. परदेशातल्या एका सहकाऱ्याने विचारलं, ही कसली तपासणी?

सगळ्यात कडक, असं मी कळवलं.