बिनचामड्याचे उंच बूट

कुंथुनाथ आप्पांनी निपाणीत चपलांचं दुकान काढलं तेव्हा अख्ख्या भावकीनं कपाळाला हात लावला होता. जैनाच्या पोरानं तंबाखूचा व्यापार केला तर कुणी हूं की चूं करत नाही, पण चपला? आप्पांनी मधली वाट काढली. कॅनव्हास, रबर, रेक्झीन. चामडं उंबऱ्याच्या आत यायचं नाही. एवढ्यावर त्यांचा संसार झाला आणि एकुलती एक लेक त्रिशला शिकून बेळगावजवळच्या मच्छे गावातल्या एका कारखान्यात नोकरीलाही लागली. राहायला बेळगावात.

एका रविवारी ती घरी आली आणि जेवताना, भाकरी मोडता मोडता, तिनं सांगून टाकलं. गेलं वर्षभर ती पोल डान्स शिकत होती. पुढच्या महिन्यात बेळगावात कार्यक्रम होता, आणि त्यासाठी उंच टाचेचे बूट हवे होते.

तिच्या आईच्या, कमलाबाईंच्या हातातली आमटीची पळी हवेतच राहिली. त्यांचं माहेर चिकोडीकडचं, घरची बोली कानडी. कानडीत पोली म्हणजे वाह्यात, उनाड. त्यावर आणखी डान्स. पुढचं काही विचारायची त्यांना गरजच वाटली नाही. पोरीला नोकरीला धाडलं आणि ही पोली नाच शिकून आली, म्हणून त्यांनी पदर डोळ्याला लावला.

"पोली न्हाय गं आई, पोल. खांब. खांबाला धरून वर चढायचं, फिरायचं."

"खांबाला धरून चालायला मीच शिकवलंतं की तुला. आता परत कशाला?"

त्रिशलानं आप्पांना फोनवर आपला नाच दाखवला. त्यांनी फोन हातभर लांब धरला, तोकडे कपडे दिसताच नजर खाली घेतली, तर खाली पाय. उसन्या बुटांत डावा पाय मुरगळताना स्पष्ट दिसत होता. त्यांनी तिच्या पायाकडे पाहिलं. पोरीचा घोटा अजून सुजलेलाच होता.

असले बूट फोनवर मागवता येत असतील की, ते एवढंच म्हणाले.

"येतात. सगळ्याजणींनी तसंच मागवलेत. पण मला तुमच्या हातनं पायजेत, आप्पा. बाकीचं सगळं चोरून केलंय मी. एवढं तरी चोरून नको."

आप्पांनी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. पण दुकानाच्या सुट्टीच्या दिवशी ते बेळगावच्या गाडीत बसले आणि खडेबाजारात मारुतीरावांच्या घाऊक दुकानात उतरले. मारुतीरावांची जीभ तिखट. कुणासाठी, असं त्यांनी विचारलं तेव्हा आप्पा 'एका गिऱ्हाइकासाठी' असं पुटपुटले आणि बघून आणतो म्हणून तीन जोड पिशवीत घालून निघाले.

तिथून ते त्रिशलाच्या क्लासात गेले आणि आधी त्यांनी खांबालाच नमस्कार केला. नवीन ठिकाणी दुसरं काय करायचं, ते त्यांना सुचलं नव्हतं. शिकवणारी सौम्या हसू दाबत बाजूला झाली. मग आप्पांनी एकेक बूट हातात चढवला आणि खांबावर घासून पाहिला. पहिला खरबरीत कापडाचा, तो सरळ घसरत खाली आला. दुसऱ्याची चेन आतल्या अंगाला, ती खांबावर करकरली. तिसरा चकचकीत रेक्झीनचा. तो खांबाला असा चिकटला की जणू सोयरीकच जुळली.

पण त्याची टाच बघून आप्पांचा धीर सुटला. "ही टाच हाय का जिन्याची पायरी?"

"पुढनं पण तळ जाड हाय की. पाय उतरता ऱ्हात न्हाय," त्रिशला म्हणाली.

त्यांनी अंगठ्यानं तळ दाबून पाहिला, जमिनीवर बसले, तिचा पाय मांडीवर घेतला आणि घोट्याभोवती लेस आवळत गेले. दुखतंय का, ते पुन्हा पुन्हा विचारत राहिले. ती खांबावर चढली तेव्हा मात्र ते उठले आणि दोन्ही हात पसरून खाली उभे राहिले. ती डोकं खाली करून फिरली, तसे तेही खांबाभोवती फिरले. अंकल, गादी आहे खाली, असं सौम्यानं सांगून पाहिलं. आप्पांनी हात खाली घेतले नाहीत.

उरलेले जोड परत करायला बापलेक दोघं खडेबाजारात आले. दुकानात चार गिऱ्हाइकं होती, म्हणून मारुतीरावांना जास्तच चेव आला.

"काय आप्पा, असले बूट घालणारं गिऱ्हाईक निपाणीत कुठं गावलं म्हणायचं?"

त्रिशला पायरीवरच थबकली. आप्पांनी चष्मा पुसला, परत डोळ्यावर चढवला.

"गिऱ्हाईक न्हवं. आमची त्रिशला हाय ही. खांबावर नाचती. पुढच्या महिन्यात कार्यक्रम हाय, वहिनींना घेऊन या." आणि मारुतीरावांचं तोंड मिटायच्या आत त्यांनी चकचकीत जोड पुढं सरकवला. "ह्यात जरा लांब लेस घालून द्या. घोट्याला आणि एक वेढा बसला पायजे."