पाच फुटांवरचा सोपान

आधीच सांगतो, खाली कमेंटमध्ये "उतारा टाका", "अमुक ठिकाणी जाऊन या" असलं काही लिहिणार असाल तर इथेच थांबा. मी आयटीआयमध्ये फिटर ट्रेड शिकवतो. जे मोजता येत नाही ते मी मानत नाही. भुताच्या गोष्टी सांगणाऱ्यांना मी आजवर वेड्यात काढत आलोय. हे लिहितोय कारण संताप कुठेतरी ओतायला हवा... एवढंच.

राहतो वारूळवाडीत. सुट्टीच्या दिवशी जुना फिल्मचा रेंजफाइंडर कॅमेरा गळ्यात अडकवून आळेफाट्याला जायचो, माणसांचे नकळत फोटो काढायला. या कॅमेऱ्यात मधल्या पिवळसर चौकोनात समोरचा माणूस दोनदा दिसतो. लेन्सवरची अंतराची रिंग फिरवून ते दोघं एकावर एक बसवले की फोकस. पण एवढं करेपर्यंत नाशिकची गाडी येऊन निघूनही जाते. म्हणून मी रिंग आधीच बारा फुटांवर लावून ठेवायचो आणि माणूस तेवढ्या अंतरावर आला की बटण दाबायचो. यात एक खोट आहे – आतून बघताना सगळंच स्वच्छ दिसतं. काय धूसर आलं ते रोल धुतल्यावरच कळतं.

आणि दुसरी युक्ती म्हणजे सोपान. पिंपरी पेंढारचा, फाट्यावर टायरच्या दुकानात कामाला, दहावीपासूनचा माझा दोस्त. तो माझ्यापुढे पाच फुटांवर उभा राहायचा, केस सारखे करायचा, हसायचा. बघणाऱ्याला वाटायचं, दोस्त दोस्ताचा फोटो काढतोय. मी त्याच्या खांद्यावरून मागच्या माणसांचा काढायचो. नऊ वर्षं हे चाललं. प्रत्येक रोलमध्ये सोपान आहे, कडेला एक धुरकट डाग म्हणून. प्रिंट काढताना तेवढा भाग मी कापून टाकायचो.

शेवटच्या वेळी आम्ही गॅरेजांच्या मागे उभे होतो, आसपास चिटपाखरू नव्हतं. तो म्हणाला, "राव, आज माझाच काढ. आई लई दिवस मागं लागलीय. आधारवर मी पाकीटमार दिसतो."

"दोनच फ्रेम उरल्यात. त्या तुझ्यावर घालवू?"

हे मी बोललो. नऊ वर्षं उन्हात उभ्या राहिलेल्या माणसाला.

तो हसला नाही. पुढे येऊन त्याने सरळ रिंगला हात घातला. "पाचवर लाव की. एकदाच. जास्ती न्हाई मागत."

कॅमेऱ्याला कुणी हात लावला की माझं डोकं फिरतं. मी त्याला ढकललं आणि त्या झटापटीत त्याच्या आकाशी शर्टाचा खिसा टरकन फाटला. त्याने शर्ट काढला, माझ्या गाडीच्या सीटवर फेकला. "घे. ह्याचा काढ फोटू." आणि बनियनवरच दुकानाकडे चालता झाला.

शर्ट मी घरी आणून कपाटात कोंबला. मीही अडून बसलो, फोन केला नाही. तीन आठवड्यांत काविळीने तो गेला.

दहाव्याला त्याच्या आईने माझा हात धरला. "विलास, येवढी वर्सं तुज्या कॅमेऱ्याम्होरं हुबा व्हता त्यो. येक तरी फोटू असंल की रं बाळा." रात्रंदिवस जुने निगेटिव्ह चाळले. एकात तो धड नाही. एकातही नाही.

महिन्याने पुन्हा फाट्यावर गेलो. सवयीने तो उभा राहायचा तिकडेच कॅमेरा धरला, मागची माणसं टिपली. रोल धुतला तर सगळी माणसं धूसर. फक्त फ्रेमच्या कडेला रसवंतीच्या ताडपत्रीची लोंबती दोरी आली होती, तिचा धागा न् धागा मोजता येत होता. दुसऱ्या दिवशी टेप घेऊन गेलो. मी उभा होतो तिथून दोरी बरोबर पाच फुटांवर.

रिंग सरकली असणार. दुरुस्तीवाल्याकडे गेलो, नको नको ते बोललो त्याला. तो म्हणाला, कॅमेऱ्यात काहीच नाही. मग मी रिंग बारावर ठेवून काळ्या चिकटपट्टीने आवळली, पट्टीवरून पेनाची रेघ मारली. घराच्या अंगणात निम्मा रोल काढला, उरलेला फाट्यावर. पट्टी हलली नव्हती, रेघ जुळत होती. अंगणातले फोटो बारा फुटांवर चोख. फाट्यावरचे सगळे पाचावर, जिथे कुणीच नव्हतं.

मला भीती वाटली नाही. राग आला. मेल्यावरसुद्धा हट्ट सोडत नाही म्हणजे काय? मला जन्मभर असंच छळणार आहेस का?

तेवढ्यात त्याच्या आईचा पुन्हा निरोप आला. ठरवलं, एकदाचं तोंडावर सांगून टाकायचं. त्याच फुकट गेलेल्या फोटोंतला एक मोठा करून भरदुपारी पिंपरी पेंढारला गेलो. मावशी – त्याच्या आईला मी मावशीच म्हणतो – ओट्यावर घेवडा निवडत होती. मी म्हटलं, "मावशी, कॅमेरा बिघडलाय. हे बघ, असे येतात फोटो. सोपानचा फोटो माझ्याकडं नाही. आता विचारू नकोस."

तिने हात पदराला पुसले, चष्मा लावला. मग फोटोच्या मधोमध, जिथे मला नुसती धुरकट गर्दी दिसत होती, तिथून बोट फिरवलं.

"चांगला आलाय की रं. हसतोय." मग बोट थांबलं. "पर ह्यो आकाशी शर्ट मी किती हुडकला... आन् खिसा कुणी फाडला ह्याचा?"

तो फोटो आता तिच्या भिंतीवर आहे, हार घातलेला. येणारेजाणारे त्या धुरकट गर्दीकडे बघतात, मग मावशीकडे, आणि चहा पितात. शर्ट अजून माझ्या कपाटात आहे. कुणीतरी तिला सांगितलं असेल म्हणाल, तर सांगणारे दोघंच होतो, त्यातला एक तिला न सांगताच गेला (नाहीतर तिने शर्ट हुडकला नसता) आणि दुसऱ्याने आज पहिल्यांदा तोंड उघडलंय.

हे कसं झालं, मला माहीत नाही. खिसा कुणी फाडला ते मात्र माहीत आहे. मावशी दर खेपेला विचारते, आणि मी दर खेपेला चहा संपवून उठतो.