डिंगोऱ्याहून समुद्रावर गेलेली बाई

शिडाच्या जहाजाच्या तोंडावर बसवायची मूर्ती घडवू शकणारा माणूस अख्ख्या जुन्नर तालुक्यात एकच आहे आणि तो माझा थोरला साडू आहे, हे मी कुठेही छातीठोकपणे सांगतो. तालुक्यात समुद्र नाही, हा दोष समुद्राचा. साडूंची उमेदीची वर्षं मुंबईच्या गोदीत जहाजं रंगवण्यात गेली. निवृत्त होऊन ते डिंगोऱ्याला कांदे लावायला आले, पण जीव अडकून राहिला तो जुन्या जहाजांच्या पुढच्या टोकाला. तिथे म्हणे कुठे सिंह असायचा, कुठे राणी, तर मुंबईत बांधलेल्या एखाद्या जहाजावर चक्क पागोटेवाला गडी. खलाशांची श्रद्धा अशी की जहाज त्या मूर्तीच्या डोळ्यांनी पाण्यातली वाट बघतं. हे सांगताना साडूंचा आवाज देवळात शिरल्यासारखा खाली यायचा आणि ऐकता ऐकता माझा चहा निवून जायचा.

वाहन कुठलंही असो, साडू आधी त्याचं तोंड बघणार. ओतूरच्या स्टँडवर लागलेल्या एसटीपुढे कमरेवर हात ठेवून ते इतका वेळ उभे राहिले की शेवटी ड्रायव्हर घाबरून खाली उतरला. "काय झालंय गाडीला?" "काय न्हाई राव. एवढी मोठी गाडी, पण हिला तोंडच न्हाई!" असं म्हणून साडू हळहळले. लग्नात सगळे नवरीचे दागिने बघायचे, हे तिच्या मानेचा बाक बघायचे, आणि मेहुणीबाई त्यांना चारचौघांत कोपर मारायच्या.

अखेर जुन्या घराच्या सागाच्या तुळया काढून त्यांनी स्वतःच एक बाई घडवायला घेतली. तुकडे लाकडी खुंट्यांनी जोडलेले, कारण खाऱ्या वाऱ्यात लोखंड टिकत नाही. परदेशी जहाजांवरच्या बाया पुष्कळदा उघड्या छातीच्या असत आणि त्याने समुद्र शांत होतो असा समज होता, हे त्यांनी घरात एकदाच सांगून पाहिलं. मेहुणीबाईंनी नुसतं वर बघितलं. मूर्तीला नऊवारी आली. मग वाऱ्यावरचा पदर कसा दिसतो ते हवं म्हणून मेहुणीबाईंना माझ्या पिकअपच्या हौद्यात पुढे तोंड करून उभं केलं, मला चालवायला बसवलं आणि स्वतः कागद घेऊन बांधावर थांबले. रस्त्यातली माणसं बघतात म्हणून बाई लाजून प्रत्येकाला नमस्कार करत होत्या. संध्याकाळपर्यंत त्या सरपंचपदाला उभ्या राहिल्याची बातमी गावभर झाली.

मूर्ती पुरी झाल्यावर मी ती पाहिली आणि माझे हात आपोआप जोडले गेले. का, ते मला सांगता येणार नाही. पदर मागे उडालेला, छाती पुढे, आणि डोळ्यांत कसलं म्हणून भय नाही. जहाजाच्या टोकावर मूर्ती पुढे झुकून बसते, तेव्हा तिची नजर पाण्यावर पडावी म्हणून मान वर उचललेली कोरावी लागते. त्यामुळे अंगणात सरळ उभी केल्यावर ही बाई थेट आभाळाकडे बघायची.

घोटाळा झाला तो इथेच. ऐन कांदा काढणीत गारपीट झाली. शेजारच्या शिवारात कांद्याचा चिखल झाला आणि आमच्या वाडीवर एक गार पडली नाही. दुसऱ्या दिवशी मूर्तीच्या कपाळावर हळदीकुंकू होतं. आई आभाळाकडे डोळे वटारून बसली आहे म्हणून गारा फिरकल्या नाहीत, असं बायकांनी ठरवून टाकलं. साडू सांगून थकले, "अगं बायांनो, ही जहाजाची हाय!" पण तोवर नारळ फुटायला लागले होते.

नेमकी तेव्हाच कोकणात काही हौशी मंडळी जुन्या धाटणीची शिडाची बोट बांधत होती आणि त्यांनी साडूंची मूर्ती घ्यायचं कबूल केलं होतं. उभ्या आयुष्यात साडूंनी एवढी एकच गोष्ट मागितली असेल. मूर्ती पिकअपमध्ये चढली, दोर आवळला, आणि वाडीतल्या बायका गाडीपुढे येऊन उभ्या राहिल्या. कुणी भांडलं नाही. एकीने एवढंच विचारलं, "आता आमच्या कांद्याकडं कोण बघंल, भाऊ?" साडूंनी एकदा मूर्तीकडे पाहिलं. मग ते दोर सोडायला लागले. मला त्यांच्याकडे बघवेना.

तेवढ्यात वाडीतल्या सगळ्यात वयस्कर आजी पुढे आल्या. "तिकडं तिला काम काय?"

"बोटीच्या पुढं ऱ्हायाचं. पाण्यातली वाट बघायची."

"बोटीत माणसं असत्यात?"

"असत्यात की."

"मंग जाऊ द्या तिला. कांदा काय, फिरून लावता येतोय."

बायकांनी तिची ओटी भरली, तेव्हा कुठे गाडी हलली. माळशेज उतरेपर्यंत साडू मागच्या काचेतून तिच्याकडे बघत होते.

बोट निघाली त्या दिवशी आम्ही तिघे धक्क्यावर होतो. शीड फुगलं, बोट वळली आणि तिची पाठ आमच्याकडे झाली, तशी मूर्ती दिसेनाशी झाली. साडूंच्या हे आधी ध्यानातच आलं नव्हतं. ते चवड्यांवर उभे राहून, मान तिरकी करून बघत होते. मग म्हणाले, "गोदीत लई जहाजं रंगवली, पावणं. पार जगभर गेली. आमी मातुर कधी बंदराच्या भायेर गेलो न्हाई."

मेहुणीबाईंनी भाकरीचं फडकं सोडलं आणि एक भाकरी त्यांच्या हातात दिली. ती तशीच हातात धरून ते शीड दिसेनासं होईपर्यंत उभे होते.

"आता काय काय बघंल ती," ते म्हणाले.