‘चालतंय’ला रकाना नव्हता

एमबीएच्या दुसऱ्या वर्षाला मी सांगलीत, विश्रामबागला खोली घेऊन राहत होते. नव्वदचं दशक निम्मं सरलं होतं. ‘संशोधन पद्धती’ हा विषय आमच्या वर्गाला काढ्यासारखा कडू लागायचा, मला मात्र तो मनापासून आवडायचा. लोकांना नसत्या चौकशा करायच्या आणि वर त्याचे मार्क मिळवायचे, याहून माझ्या स्वभावाला मानवणारं दुसरं काय असणार? घरी याच सवयीपायी मी बोलणी खात आले होते.

प्रकल्पाला मी विषय घेतला खेड्यातल्या घरांतल्या चहापुडीचा. कराडजवळ मामाच्या गावी आठ दिवस राहिले, दारोदार हिंडले, साठ फॉर्म भरले. घरटी एक कप चहा झाला, त्यामुळे पित्तही झालं. मग मोठ्या ऐटीत तो गठ्ठा मॅडमपुढे ठेवला.

मॅडम म्हणजे माझ्या गाइड. एसटीचं तिकीटसुद्धा दोन्ही बाजूंनी वाचून पर्समध्ये ठेवणाऱ्या. त्यांनी दहाबारा फॉर्म उलटले, चष्मा काढला आणि विचारलं, “खोलीवर बसून भरलेस?”

‘आपल्या चहापुडीबद्दल आपण किती समाधानी आहात?’ या प्रश्नाखाली पाच रकाने होते, ‘अत्यंत समाधानी’पासून ‘अत्यंत असमाधानी’पर्यंत. माझ्या जवळजवळ सगळ्या फॉर्मांवर खूण एकाच जागी होती, मधल्या ‘तटस्थ’वर.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते रागानं. आमच्या वर्गातल्या ज्यांनी खरोखरच खोलीवर बसून, भडंग खात, वेगवेगळ्या रंगांच्या पेनांनी फॉर्म भरले होते, त्यांच्या खुणा कशा छान विखुरलेल्या होत्या. त्यांना शाबासकी मिळाली होती. चोर सोडून संन्याशाला फाशी, ती ही अशी. मी फणकाऱ्यानं म्हटलं, “मॅडम, आमच्याकडची माणसं ‘अत्यंत’ काहीच नसतात. विचारलं की म्हणतात, चालतंय. त्याला रकाना कुठाय?”

“मग चल, दाखव,” त्या म्हणाल्या. “मला पटल्याशिवाय दाखल्यावर सही करणार नाही.”

हे काम विद्यार्थिनीनं स्वतः केलेलं आहे, असा तो दाखला. त्या सहीशिवाय प्रकल्प जमा होत नव्हता, आणि प्रकल्प नाही तर वर्ष वाया. पण खरं सांगते, वर्षापेक्षा मला खोटी ठरवलं याचंच जास्त लागलं होतं.

रविवारी आम्ही दोघी एसटीनं कराडला आणि तिथून वडापच्या जीपमध्ये कोंबून गावात गेलो. मॅडमनी डोळे मिटून गठ्ठ्यातून एक फॉर्म ओढला. तो निघाला पिठाच्या गिरणीवाल्या काकूंचा. काकू पदर झटकत बाहेर आल्या.

“परवा तर समदं लिवून न्हेलंस की गं पोरी, आन् आता मास्तरीणबाईस्नी घिऊन आलीस व्हय?”

माझा अर्धा जीव भांड्यात पडला. मॅडमनी मात्र तोच प्रश्न स्वतः पुन्हा विचारला.

“चालतंय की,” काकू म्हणाल्या.

“म्हणजे पूड चांगली आहे की वाईट?”

“आवं बाई, चालतंय म्हंजी चालतंय.”

एवढ्यात सुनेनं चहा आणला. मॅडमनी घोट घेतला आणि त्यांच्या तोंडून निघून गेलं, “वा! पूड छानच आहे की.”

“ही पावण्यांची पुडी हाय,” काकू म्हणाल्या. “आमची रोजची येगळी. वास न्हाई, रंग न्हाई. जावय आला तर त्येच्या म्होरं कशी ठिवायची ती?”

मॅडमनी कप खाली ठेवला. “मग रोजची पूड आवडत नाही, असं का नाही सांगितलंत?”

“आवडती का म्हनून कवा इचारलं हिनं? समाधानी हाय का म्हनून इचारलं. समाधान ठिवायचंच असतंय की मानसानं!”

मॅडम अशा हसल्या की त्यांना ठसका लागला. काकूंनी त्यांच्या पाठीवर पिठाच्या हातानंच थोपटलं. तिथंच पोत्यावर बसून आम्ही नवा प्रश्न लिहिला, ‘जावई आल्यावर याच पुडीचा चहा करता का?’ काकू गिरणी सुनेवर सोपवून आमच्या पुढे निघाल्या आणि घराघरात शिरून “दोन्ही डबं दाव गं” म्हणून हुकूम सोडू लागल्या. बायका लाजत, हसत फळीमागून दुसरा डबा काढायच्या. मॅडम उकिडव्या बसून डब्यात नाक घालायच्या आणि मी लिहायची. इतका आनंद मला कुठल्याच अभ्यासात झाला नव्हता.

पंधरा दिवसांनी मी टाइप केलेला प्रकल्प त्यांच्यापुढे ठेवला. सोबत नवे फॉर्म होते.

“तपासून घ्या, मॅडम,” मी मुद्दाम म्हटलं. टोमणा तसा तयारच होता.

त्यांनी गठ्ठ्याला हातही लावला नाही. दाखल्याचं पान काढलं, सही केली आणि विचारलं, “पहिले साठ फॉर्म कुठायत?”

“खोलीवर आहेत. रद्दीत घालणार आहे.”

“घालू नकोस. तेही मागे जोड,” त्या म्हणाल्या. “ते खरे आहेत. चुकला होता तो प्रश्न, आणि तो मी पास केला होता.”