बारावी चादर

बास्केटबॉलचा शोध कुठल्या देशात कोणी लावला हे मला ठाऊक नाही, पण तो सोलापुरातल्या एका मिलसाठीच लावला गेला, याबद्दल आमच्या आक्काच्या थोरल्या दिरांच्या मनात तिळभरही शंका नव्हती. बाकीचं जग तो खेळ उगाच खेळतं, असं त्यांचं मत. स्वतः ते पाच फूट दोन इंच. जन्मात एकदाही त्यांनी चेंडू जाळीत टाकला नव्हता. एकदा मैदानाबाहेर आलेला चेंडू परत फेकायला गेले, तर तो त्यांच्याच पाठीमागे जाऊन पडला, असं आक्का पदर तोंडाला लावून सांगायची. पण मिलच्या बास्केटबॉल क्लबचा इतिहास कोणी लिहायचा, असा प्रश्न कधी उभाच राहिला नाही. कोणाच्या डोक्यात तो येण्याआधीच अण्णांनी एक जाडजूड रजिस्टर पैदा करून पहिलं प्रकरण लिहून टाकलं होतं.

त्यांना गल्लीत सगळे अण्णाच म्हणत. घरात कानडी, खात्यात तेलुगू आणि मैदानावर मराठी अशी त्यांची वाटणी होती. राग आला की तिन्ही एकदम यायच्या. सत्तरच्या सुमाराला मी नोकरीसाठी सोलापुरात आलो आणि शुक्रवार पेठेत आक्काकडे वरच्या खोलीत राहू लागलो. अण्णांच्या लेखी मी भावजयीचा भाऊ, म्हणजे 'पावणं'. त्या घरात मी पुढं आठ-नऊ वर्षं जेवलो, पण पावणंच राहिलो.

हा क्लब म्हणजे हौशी पोरांचं मंडळ नव्हतं, हे आधी सांगून टाकतो, नाहीतर अण्णा वरून रागावतील. बारा खेळाडू होते आणि बाराही जण खेळण्याचा पगार घेत होते. मस्टरवर नाव विणकाम खात्यात, काम मैदानावर. टेंभुर्णी, अक्कलकोट, कुठून कुठून उंच माणसं हुडकून आणली होती. त्यातला कॅप्टन टेंभुर्णीचा. सहा फूट चार इंच, दारातून येताना सवयीनं वाकायचा आणि आकाशाखालीही थोडा वाकूनच चालायचा. अण्णा त्याच्या शेजारून चालत निघाले की चहाच्या टपरीवरची माणसं उठून बघायची. अण्णांना त्याचं काही वाटायचं नाही. 'त्याची उंची रजिस्टरात मी लिवलीय, म्हणून ती हाय,' असं म्हणायचे.

मिलमध्ये अण्णांचं काम नक्षीचे पुठ्ठे पाडण्याचं. चादरीवर मोर, फूल किंवा अक्षर उठवायचं तर आधी ते चौकडीच्या कागदावर काढायचं, मग त्याबरहुकूम पुठ्ठ्याच्या पट्ट्यांना भोकं पाडायची. पट्ट्या मागावर चढल्या की माग त्या भोकांप्रमाणे विणत जातो. एक भोक चुकलं की मोराला दोन चोची येतात. तीस वर्षं हेच काम केल्यामुळे अण्णांचा शाईवर विश्वास उरला नव्हता. सामन्याचे गुण मांडायला टेबलावर तेच बसत, आणि गुण लिहीत नसत, पाडत असत. चौकडीच्या कागदावर प्रत्येक खेळाडूची एक ओळ. बास्केट झालं की हातातल्या टोच्यानं त्या ओळीत एक मोठं भोक, दंडाच्या फेकीला बारीक भोक. मी एकदा म्हटलं, अण्णा, पेन्सिल घ्या की. तर माझ्याकडं कीव आल्यासारखं बघितलं.

"पावणं, लिवलेलं खोडता येतंय. भोक बुजवता येत न्हाई."

बाहेरगावचे संघसुद्धा अण्णा टेबलावर असले की निर्धास्त असायचे. त्याला कारण होतं. क्लबच्या पहिल्या वर्षी मिलच्या लोहारानं बास्केटची कडी बनवली ती मापापेक्षा दोन बोटं मोठी. वर्षभर आपला संघ घरच्या मैदानावर कोणाला ऐकेना आणि बाहेर गेला की एक चेंडू धड आत जाईना. बाहेरचं पाणी बाधतंय, असं ठरवून खेळाडू घरून पाण्याच्या कळशा घेऊन जाऊ लागले. शेवटी अण्णांनीच शिडी लावून दोरीनं कडी मोजली. झालं ते झालं, निदान इतिहासात तरी हे घालू नका, असं मॅनेजरांनी विनवून सांगितलं. अण्णांनी त्याचं स्वतंत्र प्रकरण केलं, सात पानांचं, कडीच्या आकृतीसह.

इतिहास लिहायची त्यांची रीतही त्यांचीच. सामना झाला की आठवडाभर ते एकेका खेळाडूच्या घरी जायचे, कागद उजेडाला धरायचे आणि प्रत्येक भोकाची हकिगत विचारायचे. हे कुठून मारलंस, चेंडू कोणी दिला, आडवं कोण आलं. खेळाडू जेवत असला तर तो जेवेपर्यंत समोर बसून राहायचे. प्रत्येक भोकाला मालक आणि हकिगत मिळाली की मगच प्रकरण शाईनं रजिस्टरात चढायचं. तिथं मात्र शाई चालायची, कारण तोवर सगळं पक्कं झालेलं असायचं.

आता चादरींचं सांगतो. संघानं मोठा कप जिंकला की त्याच दिवशी मैदानावर बाराही जणांच्या खांद्यावर मिलची चादर पडायची, आणि तिच्या काठात 'विजेते' असं विणलेलं असायचं. पण पुठ्ठे पाडून माग लावायचा म्हणजे महिना जातो. म्हणून अंतिम सामन्याच्या आधीच अण्णा पुठ्ठे पाडून चादरी विणून घ्यायचे. हरलो तर त्या गुपचूप गोदामात जायच्या. याला अपशकुन म्हणणाऱ्याला अण्णा सांगायचे, लग्नाआधी शालू घेतात ते काय लग्न मोडायला?

दुष्काळ सरला त्या वर्षीची गोष्ट. मिलचं चाक तोवर कुरकुरायला लागलं होतं. मॅनेजरांनी सगळ्यांना बोलावून स्वच्छ सांगितलं: यंदा कप आला तर क्लब राहील, नाहीतर खेळाडूंनी मागावर उभं राहायचं आणि चेंडू गोदामात. अण्णा त्या दिवशी जेवले नाहीत. रजिस्टर अर्धं कोरं होतं हो! त्यांना मूलबाळ नव्हतं, बायको लवकर गेलेली. त्या कोऱ्या पानांकडं बघून माणूस दिवस काढत होता.

अंतिम सामना कुर्डुवाडीच्या संघाशी झाला. मैदानाभोवती मुंगी शिरायला जागा नव्हती. हलगीवाले तर असे पेटलेले की पंचाची शिट्टी पंचालाच ऐकू येत नव्हती. आपण एका गुणानं जिंकलो. लोकांनी कॅप्टनला खांद्यावर घ्यायचा प्रयत्न केला आणि त्याचे पाय जमिनीवर घासत त्याला मिरवलं. चादरी पडल्या. मॅनेजरांनी सगळ्यांसमोर शब्द दिला की क्लब राहिला. मी अण्णांना त्या दिवशी प्रथमच दोन पेढे एकदम तोंडात घालताना पाहिलं.

मग नेहमीप्रमाणे अण्णा कागद घेऊन घरोघर हिंडू लागले. सातव्या दिवशी कॅप्टनच्या खोलीवर गेले तेव्हा मीही बरोबर होतो. कॅप्टनच्या ओळीत नऊ मोठी भोकं होती. हकिगती निघाल्या आठांच्या. अण्णांनी पुन्हा पहिल्यापासून विचारलं, पुन्हा आठच. तिसऱ्यांदा विचारल्यावर कॅप्टननं डोकं खाजवलं आणि सरळपणे सांगून टाकलं, की मध्यंतराच्या आधी आणखी एक टाकलं होतं खरं, पण ते रद्द झालं. चेंडू हातात घेऊन एक पाऊल जास्त पडलं होतं, पंचानं शिट्टी मारली होती.

अण्णांनी कागद पुन्हा उजेडाला धरला. कॅप्टनच्या हातातून चेंडू सुटला की तो जाळीतच जाणार, हा त्यांचा इतक्या वर्षांचा विश्वास. चेंडू हवेत असतानाच त्यांचा टोच्या कागदात उतरला होता. शिट्टी हलगीत गेली. गुणांच्या फळीवर दोन गुण चढले आणि पहिल्या अर्ध्यातली गोष्ट म्हणून कोणाच्या ध्यानातही राहिली नाही. एका गुणाच्या विजयातून ते दोन काढले की काय उरतं, हे आम्हा तिघांनाही एकदमच कळलं.

"अण्णा, भोक हाय न्हवं कागदात?" कॅप्टन हळू आवाजात म्हणाला. "मग बास्केट झालं. बारा घरं हायत आमची."

"हाईत की," अण्णा म्हणाले. कागदाची घडी केली आणि उठले.

दोन दिवस ते कामावर गेले, जेवले, पण रजिस्टर उघडलं नाही. मी पुष्कळ समजावलं. कोण बघायला येतंय, लोक विसरले, क्लब टिकला की पुढची पंधरा वर्षं खरं तेच लिहा ना! अण्णांनी ऐकून घेतलं. म्हणाले, "पुढचं सगळं ह्याच्यावर उभं ऱ्हाणार की, पावणं. खालचं भोक चुकलं की वरचा मोर कसा येईल?" तिसऱ्या दिवशी सकाळी कपाच्या कपाटाची किल्ली घेतली (ती इतिहासकाराकडेच असायची), कप पिशवीत घातला आणि कुर्डुवाडीची गाडी धरली. तिथली माणसं चक्रावली. झालं ते झालं, राहू द्या की, असं तीच अण्णांना म्हणू लागली. अण्णांनी कप टेबलावर ठेवला, चूक माझ्या हातची, पोरांची नव्हे, एवढं सांगितलं, चहा घेतला आणि संध्याकाळी परत आले.

क्लब त्या महिन्यात बंद झाला. मैदानावर सुताच्या गाठी रचल्या. खेळाडूंपैकी काही मागावर उभे राहिले, काही गावी गेले. कॅप्टननं टेंभुर्णीला नाक्यावर हॉटेल टाकलं. गल्लीत अण्णांशी बरीच माणसं बोलेनाशी झाली. मीसुद्धा चार दिवस बोललो नाही, हे लपवत नाही.

पण अण्णांचं काम संपलं नव्हतं. बारा घरांत बारा चादरी 'विजेते' म्हणून लोळत होत्या, आणि तेवढं खोटं जगात आहे तोवर शेवटचं प्रकरण लिहायचं नाही असं त्यांनी ठरवलं. पिशवीत कात्री आणि निळा खडू घालून ते एकेकाकडे जायचे, अक्षरांच्या वर खडूनं रेघ ओढायचे, काठ कापून घ्यायचे, आक्काकडून कडेला टीप मारून चादर परत पोचवायचे. आता सहा-सहा फुटांची माणसं. मुळात अंथरूण पाहून पाय पसरायचे त्यांचे वांधे, त्यात वीतभर चादर गेली. अकरा जणांनी शिव्या देत का होईना, दिली. हिवाळ्यात सोलापुरात अकरा जोड्या पाय उघडे पडले.

कॅप्टननं मात्र दिली नाही. माझे पाय आधीच बाहेर हायत, म्हणाला. मग दरवर्षी दिवाळी झाली की अण्णा एस.टी.नं टेंभुर्णीला जायचे, दिवसभर तिथं बसायचे आणि रिकामी पिशवी घेऊन परत यायचे. एका वर्षी मी बरोबर गेलो. एस.टी.तून अण्णा उतरताना दिसले, तसा गल्ल्यावरचा तो अवाढव्य माणूस लगबगीनं उठला आणि बाजेवरची चादर त्यानं उलटी केली. उलट्या बाजूनं ती अक्षरं वाचता येत नाहीत. मग जेवण झालं, जुन्या सामन्यांच्या हकिगती झाल्या, अण्णांनी चादर मागितली, कॅप्टननं नाही म्हटलं. अण्णा हात धुवायला मागं गेले तेव्हा मी न राहवून विचारलं, काय राव, म्हाताऱ्याला किती खेपा घालायला लावता, देऊन टाका की एकदाची.

कॅप्टननं मागच्या दाराकडं बघितलं.

"दिली तर परत कशाला येतील वो ते?"

हे मी येताना गाडीत अण्णांना सांगितलं नाही. पुढच्या वर्षीच्या दिवाळीला किती महिने राहिले ते मात्र त्यांनी मला विचारलं.

त्या पुढच्या दिवाळीला अण्णांच्यानं जिना उतरवेना. टेंभुर्णीला निरोप कोणी दिला माहीत नाही. एक दिवस दारात अंधार झाला. बघतो तर कॅप्टन, वाकून आत येत होता, काखेत चादर. अण्णांच्या पुढ्यात त्यानं ती सुलटी पसरली. अण्णांनी बराच वेळ हात फिरवून वीण बघितली, खडू घेऊन काठावर रेघ ओढली. रेघ जरा थरथरली. आक्कानं कात्री आणून दिली. अण्णांनी बोटानं पातं चाचपलं आणि कात्री खाली ठेवली.

"धार गेलीय हिची. ऱ्हाऊ दे. पुढच्या वर्षी मीच येतो की न्यायला."

"या की," कॅप्टन म्हणाला आणि चादरीची घडी घालू लागला. धार जायला काय झालं होतं? सकाळीच आक्कानं त्याच कात्रीनं पडद्याचं कापड कापलं होतं.

अण्णा उन्हाळ्यात गेले. पाचव्या दिवशी कॅप्टन भेटायला आला, तसाच वाकून. चहा नको म्हणाला, आक्काकडे कात्री मागितली. जोत्यावर बसून, चादर मांडीवर घेऊन, अण्णांच्या निळ्या रेघेवरून त्यानं काठ कापला. जिथं रेघ थरथरली होती तिथं तोही तसाच वळला. पट्टी माझ्या हातात दिली. मी ती रजिस्टरात बाकीच्या अकरांशेजारी ठेवली आणि शेवटचं प्रकरण, मला जमलं तसं, शाईनं लिहून काढलं. टीप मारून देते, जरा थांबा, असं आक्का म्हणत होती, पण तो थांबला नाही. तशीच दोरे सुटलेली चादर खांद्यावर टाकून एस.टी. स्टँडकडे निघाला.