दाढीवाल्याचं कूळ

चष्म्याच्या दुकानात बसणारा हा माणूस एरवी मोजकंच बोलायचा. पण जुन्या रोमन नाण्यांचा विषय निघाला, की त्याच्या तोंडाला लगाम राहत नसे. कुठलं नाणं कुठल्या उमरावाच्या कपाटात होतं, तिथून कुठल्या प्राध्यापकाकडे गेलं, हे तो घडाघडा सांगे. बायको म्हणायची, "नाण्यांच्या सात पिढ्या तोंडपाठ आहेत यांना. लेक कितवीत आहे विचारा, लगेच डोकं खाजवतील."

पण त्या छंदात सगळी किंमत कुळालाच. नाणं कितीही देखणं असो, ते कुणाकुणाच्या हातून आलं हे सांगता आलं नाही, तर संग्राहक त्याला 'पोरकं' म्हणून नाक मुरडत. त्यांच्या मंडळाची बैठक वाचनालयाच्या माडीवर भरे. तिथे नाणं मखमलीवर ठेवायचं आणि उभं राहून त्याच्या सगळ्या मालकांची नावं क्रमाने घ्यायची, एकही गाळायचं नाही, अशी रीत होती.

त्याचं सगळ्यात लाडकं नाणं हेड्रियन या रोमन बादशहाचं. चांदीचं, दाढी अजून केसन्‌केस दिसणारी, कानामागे एक ओरखडा. एका नावाजलेल्या डॉक्टरांच्या संग्रहातलं. डॉक्टरांकडे त्याची आई कामाला होती. लादी पुसणं, भांडी, आणि शेवटी डॉक्टर अंथरुणाला खिळले तेव्हा त्यांचं सगळं काही. नाण्यांचे खण पुसायला ते फक्त तिलाच देत. जाण्याआधी त्यांनी हे नाणं तिच्या मुठीत ठेवलं. "हा दाढीवाला तुझा," म्हणाले. तिने ते पोराला दिलं आणि पोराला नाण्यांचं वेड लागलं ते तिथूनच.

इतकी वर्षं त्याने ते मंडळात नेलं नव्हतं. यंदा नेतोय म्हटल्यावर आईने त्याच्या शर्टाला स्वतः इस्त्री केली. "डॉक्टरांचं नाव घेशील ना?" तिने विचारलं. "आणि त्यांच्यानंतर माझं?"

"म्हणजे काय, घेणारच."

माडीवर तो उभा राहिला. समोर वकील, प्राचार्य, कडक कॉलरची मंडळी. पहिली नावं झोकात घेतली. डॉक्टरांच्या नावाला माना डोलल्या. पुढचं नाव जिभेवर आलं आणि तिथेच चिकटलं. आईचे पाण्याने पांढरे पडलेले हात त्याच्या डोळ्यांपुढे आले आणि या कोटवाल्यांपुढे त्याला त्या हातांची लाज वाटली.

"पुढे लिलावात मी घेतलं," तो म्हणाला आणि खाली बसला.

मागच्या रांगेतून एक पाहुण्या बाई उठल्या. अध्यक्षांनी आधीच ओळख करून दिली असती तर बरं झालं असतं. त्या डॉक्टरांच्या पुतणी निघाल्या. त्यांनी नाणं उचलून कानामागचा ओरखडा पाहिला.

"काकांचं एकही नाणं लिलावात गेलं नाही," त्या म्हणाल्या. "सगळी संग्रहालयाला दिली. एकच कमी भरलं होतं, ते हे. घरात बाहेरचं माणूस म्हणजे कामाच्या बाई. आम्हाला तेव्हाच वाटलं होतं, पण गरीब बाईच्या मागे कोण लागणार, म्हणून सोडून दिलं."

चष्मेवाला उभा राहिला. "त्या बाई माझी आई. डॉक्टरांनी स्वतःच्या हाताने तिला दिलंय ते."

बाईंनी नाणं परत मखमलीवर ठेवलं. त्यांच्या आवाजात राग नव्हता. "मग तुम्ही लिलाव का म्हणालात?"

उत्तर एकच होतं आणि ते खरं होतं. आईची लाज वाटली, म्हणून. तेवढे शब्द उच्चारले असते, तर आईवरचा आळ तिथल्या तिथे पुसला गेला असता. पण तो खिळल्यासारखा उभा राहिला, मखमलीकडे बघत. त्या कोटवाल्यांसमोर आपण आईला लाजणारा मुलगा ठरू, या भीतीने त्याने तिला चोर ठरू दिलं.

"राहू द्या तुमच्याकडेच," बाई नाणं पुढे सरकवत हळूच म्हणाल्या. "आता कशाला तो विषय."

त्याने ते खिशात टाकलं आणि मान खाली घालून जिना उतरला.

घरी आई दारातच उभी होती. "घेतलंस माझं नाव?"

"घेतलं."

"डॉक्टरांच्या घरचं होतं कुणी?"

"पुतणी होती."

"अगंबाई, धाकटी! तिच्या वेण्या मीच घालायचे." आईचा चेहरा फुलला. "ओळख लागली का रे तिला माझी?"

"लागली," तो बुटाची नाडी सोडत म्हणाला. वर बघायची त्याची छाती झाली नाही.

"गुणाची पोर होती ती," आई म्हणाली. "पुढच्या बैठकीला मलाही घेऊन चल."