थांबलेला बत्ता

जडीबुटीच्या त्या दुकानात मावशी आतल्या खोलीत खलबत्त्यापाशी बसायची. गोखरू, वरुणाची साल, पुनर्नवा असं म्हाताऱ्या पुरुषांच्या लघवीच्या तक्रारीवरचं मिश्रण तिच्याच हातचं. नवरा गेल्यावरही तिनं काम सोडलं नाही. लोक म्हणायचे, बाईचं मन मोठं. मन वगैरे काही नव्हतं. ती दबा धरून बसली होती.

नवरा बस चालवायचा. लघवीचा त्रास सुरू झाला तेव्हा हसून सांगायचा, हल्ली थांबे मी ठरवत नाही, माझी लघवी ठरवते. तिनंच त्याला आपल्या मालकाकडे, वैद्यबुवांकडे आणलं. बुवांनी काढा सुरू केला. दवाखान्याचं नाव काढताच म्हणाले, "कापून घ्यायची एवढी घाई कशाला?" लघवी पार तुंबली आणि त्याला दवाखान्यात नेलं, तोवर मूत्रपिंडं कामातून गेली होती. शेवटी शेवटी तो नळी आणि पिशवी सांभाळत, पाय फाकवून चालायचा.

म्हणून परगावी लग्नाला जातो सांगून गेलेले बुवा परतले आणि तसेच पाय फाकवत येऊन गादीवर जपून टेकले, तेव्हा तिला कुणी काही सांगायची गरज पडली नाही.

तिनं काढा उकळला. गिऱ्हाइकांची गर्दी होईपर्यंत थांबली. मग पेला आणून बुवांसमोर ठेवला.

"बुवा, तुमचा काढा. लघवीचा."

"मला कशाला?"

"मग पायजम्यात पिशवी कसली बांधलीय?"

समोर एक काका लघवीवरच्या त्याच मिश्रणाची पुडी खिशात टाकत होते. त्यांचा हात तिथंच थांबला. बुवांनी दबक्या आवाजात तिला आत जायला सांगितलं. ती हलली नाही.

"माझ्या नवऱ्याला म्हणालात, घाई कशाला. तुम्ही कुठं गेला होतात, ते या काकांना सांगा. नाहीतर प्या."

बुवांनी पेला बाजूला सरकवला. मग मान वर न करता म्हणाले, "सर्जनकडे. काका, तुम्ही आधी तपासून घ्या."

बुवांनी तिला कामावरून काढलं नाही. काढलं तर ती समोरच्या पायरीवर बसून बोलेल, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. आता कुणी म्हातारा तसली तक्रार घेऊन आला की आतला बत्ता थांबतो. बुवा "आधी तपासून घ्या" म्हणेपर्यंत तो थांबलेलाच राहतो. त्यांचा आवाज फारच बारीक निघाला, तर आतून मावशी म्हणते, "ऐकू आलं नाही."